बसलेला वारा आणि हिरवी रेघ

पडदा वर जातो तो सकाळच्या कोवळ्या उजेडात. क्लातेन गावातलं हॉस्पिटल, त्याचा लांबच लांब व्हरांडा. फरशीवर ओळीनं चटया. प्रत्येक चटईवर एक कुटुंब, एक थर्मास, पानात गुंडाळलेला भात आणि घरून आणलेली फुलाफुलांच्या अभ्र्याची उशी. आत पेशंट, बाहेर त्याची राखण. जावामध्ये माणूस एकटा दवाखान्यात भरती होत नाही, अर्धी गल्ली त्याच्याबरोबर येऊन बसते. कुणी तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, वाटतंय, कुणी गोड चहा ओततंय, कुणी शेजारच्या चटईवरच्या पेशंटची सगळी हकीकत पहिल्यापासून ऐकतंय.

उजव्या विंगेत, म्हणजे हृदयविभागाच्या काचेच्या दाराशी, एक ठेंगणी बाई नाक काचेला टेकवून उभी आहे. केस पिकलेले, अंबाडा घट्ट, बोटांना कांद्याचा आणि खोबरेल तेलाचा कायमचा वास. आत तिचा नवरा झोपला आहे, पण ती त्याच्याकडे बघत नाही. ती बघते आहे त्याच्या उशाशी लावलेल्या पडद्याकडे, जिथे एक हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे चालली आहे. चालते, उडी मारते, पुन्हा चालते.

"बु, काचेवर नाकाचे ठसे उमटले," आतून दार उघडत सिस्टर विनार्सिह म्हणाल्या. "रोज मलाच पुसावे लागतात."

"सिस्टर, ती रेघ उडी मारायच्या आधी जरा थबकते, ते कशाला?"

सिस्टरनी कपाळावर हात मारला. "नवऱ्यानं रात्री काय खाल्लं ते विचारतात सगळ्या बायका. तुम्ही रेघ विचारता!"

ही बु सामिंतेन. 'बु' म्हणजे आई, काकू, बाई, सगळंच; पुरुषांना तसंच 'पाक'. चाळीसेक वर्षं तिचा धंदा एकच: केरोक. अंगात वारा शिरला की तेल लावून, गुळगुळीत नाण्यानं पाठ खरवडायची, पाठीवर लाल पट्टे उठेपर्यंत. पट्टे फिके उठले तर वारा थोडा, गडद उठले तर फार. तिच्याकडचं नाणं डच अमलातलं, तांब्याचं, आजीकडून आलेलं आणि कडा इतक्या झिजलेल्या की नाणं की बटण कळू नये. गावात ताप आला, डोकं जड झालं, पोट फुगलं की माणसं आधी सामिंतेनच्या ओसरीवर पालथी व्हायची आणि नंतर, जमलंच तर, डॉक्टरकडे जायची.

हा धंदा ती शिकली रंगभूमीच्या मागे. केतोप्राक या जावानी लोकनाट्याची फिरती कंपनी त्या काळी बांबूचं थिएटर उभारून गावोगाव महिना महिना मुक्काम करायची. सामिंतेनची आई थिएटरच्या दाराशी शेंगदाणे विकायची आणि पोरगी सगळीकडे नाक खुपसायची. वीज कशी कडकडते हे बघायला ती एकदा मागे शिरली. तिथे छताला पत्र्याचा मोठा तुकडा टांगलेला. तिनं तो हलवून बघितला. पुढे रंगमंचावर राजकन्या चांदण्यात प्रेमाची कबुली देत होती. भर चांदण्यात असा गडगडाट झाला की राजकुमार बिचारा आकाशाकडे बघून म्हणाला, "स्वर्गानंही ऐकलं बरं का!" टाळ्या पडल्या. मालकांनी पोरीचा कान धरला खरा, पण हाकलून दिलं नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून तो गडगडाट त्या प्रवेशात कायमचा बसवला.

ओलसर हवा, जागरणं आणि अंगावर जरीचे जड पोशाख. खेळ संपला की राजा, प्रधान, राक्षस, विदूषक सगळे एका ओळीत चटईवर पालथे. सामिंतेन नाणं घेऊन एकेकाची पाठ खरवडत जायची. चेहऱ्यांना रंग असे, पाठींना नसे. कोणाच्या अंगात किती थकवा आहे, कोणाचं घरी भांडण झालंय, कोण दुसऱ्या कंपनीत जायच्या बेतात आहे, हे तिला पाठींवरून कळायचं म्हणे.

त्या ओळीत शेवटी असायचा केंदांग वाजवणारा जास्वादी. दोन तोंडांचा तो ढोल मांडीवर आडवा घेऊन साऱ्या वाद्यमेळाला चालवणारा माणूस. पालथा पडल्यावरही त्याची बोटं चटईवर वाजत राहायची. एकदा तिनं विचारलं, "खेळ संपला की! आता काय वाजवताय?"

"तुझं नाणं," तो चटईत तोंड खुपसूनच म्हणाला. "खाली येताना लांब, वर जाताना आखूड. बरी लय आहे."

झालं. पुढच्या हंगामात लग्न. तेव्हापासून दोघं एकमेकांना नाटकातल्या राजाराणीसारखी हाक मारायची. ती त्याला 'कांगमास', तो तिला 'जेंग'. आधी गंमत म्हणून, मग सवय म्हणून. कंपनी मोडली, बांबूचं थिएटर विकलं गेलं, पण ओसरीवरचे हे राजाराणी तसेच राहिले. जास्वादी गावातल्या लग्नांत वाजवायचा, दर रविवारी मंडळाच्या तालमीला जायचा.

आणि परवा सकाळी तो विहिरीपाशी बसला, तो उठेचना.

"जेंग, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय."

सामिंतेननं बघितलं. अंग थंड, घाम, चेहरा राखेसारखा. तिच्या धंद्यात याला नाव होतं. साधा वारा पाठीत शिरतो, पण एक वारा असा असतो की तो छातीत येऊन ठाण मांडतो. बसलेला वारा. तिनं त्याला ओसरीवर निजवलं, तेलात लाल कांदा ठेचून घातला आणि पाठ, खांदे, छाती सगळं खरवडून काढलं. पट्टे उठले ते जास्वंदीसारखे.

"वाराच आहे," ती म्हणाली. "बघा कसा रंग आलाय."

त्याला बरं वाटलं. निदान तो तसं म्हणाला. दुपारी तालमीला गेला आणि ढोल मांडीवर असतानाच तोंडावर पडला. शेजाऱ्याच्या गाडीतून हॉस्पिटलात आणेपर्यंत तो शुद्धीवर येऊन "घरी चला" म्हणत होता.

इमर्जन्सीत सिस्टर विनार्सिहनी त्याच्या छातीवर टिकल्या लावल्या, चिकट, गोल, मधे धातूचं बटण असलेल्या. प्रत्येकीला एक तार आणि तारा जाणार मॉनिटरला. पहिली टिकली लावली, घसरली. दुसरी लावली, घसरली. तिसरी चिकटली असं वाटलं. पडद्यावर रेघ धावू लागली आणि अचानक सपाट झाली. मशीन कर्कश ओरडायला लागलं.

सामिंतेननं किंकाळी फोडली. सिनेमात तिनं सपाट रेघ पाहिली होती. तिचा अर्थ सगळ्या जगाला माहीत असतो.

जास्वादीनं डोळे उघडले. "काय झालं? कोण गेलं?"

सिस्टरनी मॉनिटरकडे पाहिलंही नव्हतं. त्या जास्वादीच्या तोंडाकडे बघत होत्या. मग खाली वाकून त्यांनी नाक फुरफुरवलं.

"कांदा?"

सामिंतेननं हात पदराआड नेले.

"आणि खोबरेल. पाक, तुम्ही हॉस्पिटलात आलात की कढईतून?" स्पिरिटचा बोळा घेऊन त्या छाती घासायला लागल्या. "बु, तेलावर टिकली चिकटत नाही. टिकली सुटली की रेघ सपाट. मशीनला वाटतं माणूस संपला. म्हणून आम्हाला पहिल्या दिवशी काय शिकवतात? आधी पेशंट बघायचा, मग पडदा."

हे वाक्य सामिंतेनच्या डोक्यात जाऊन बसलं. तिला अशी वाक्यं आवडायची.

मग आले डॉक्टर सितोरुस. सुमात्राच्या डोंगराकडचे, आवाज खणखणीत. जावामध्ये वाईट बातमी आधी चहा पाजून, मग हवापाण्याबद्दल बोलून, शेवटी दुसऱ्याच कुणाची म्हणून सांगतात. या माणसानं पेशंटच्या समोरच सांगून टाकलं.

"हा वारा नाही. माझी आईसुद्धा मला केरोक करते, मला माहिती आहे वारा काय असतो ते. पाक, तुमच्या हृदयातली वीज वरून खाली पोचत नाहीये. कम्प्लीट हार्ट ब्लॉक. मिनिटाला साठ-सत्तर ठोके पाहिजेत, तुमचे छत्तीस पडतायत. पेसमेकर बसवावा लागेल. नाही बसवला तर पुन्हा पडाल, आणि एखाद्या वेळी उठणार नाही."

बाहेर व्हरांड्यातल्या चटयांवरच्या माना एकदम दाराकडे वळल्या.

जास्वादी हसला. अगदी नम्र, दरबारी हसू. "डॉक्टर, जेंग म्हणाली वारा आहे. चाळीस वर्षं तिचं चुकलेलं नाही. वाऱ्याला मशीन कशाला?"

"मग त्यांनाच विचारा."

सगळ्यांनी सामिंतेनकडे पाहिलं. तिनं खाली बघत "बरं, बरं" म्हटलं. तो होकार होता की नकार, तिचं तिला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "तोपर्यंत मॉनिटरवर ठेवतो. पण फार थांबू नका."

तेव्हापासून अडलेलं हे एवढंच होतं. जास्वादी सही करेल ती सामिंतेन "वारा नाही" म्हणाली तर, आणि सामिंतेनला तसं म्हणता येत नव्हतं. धंद्याच्या अभिमानापायी नव्हे, म्हणजे थोडा तोही असेल. पण खरं म्हणजे, तिला जे दिसत नाही ते ती कसं म्हणणार? वारा तिला बोटांखाली कळायचा, पट्ट्यांच्या रंगात दिसायचा. ही वीज कुठे दिसते? म्हणून तिनं काचेला नाक लावलं होतं.

"या आत," सिस्टर विनार्सिह म्हणाल्या. "एकच जण, हात धुऊन, आणि कांदा न लावता."

जास्वादी पेज खात होता आणि पेजेला नावं ठेवत होता. पडदा त्याच्या डोक्यामागे होता, त्याला दिसत नव्हता. सामिंतेन पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"हिरवा आकडा कसला?"

"ठोके."

"निळा?"

"रक्तातला ऑक्सिजन. ती बोटाला लावलेली चिमटी आहे ना, त्यातून कळतो."

"पांढरा?"

"रक्तदाब. दंडावरची पट्टी आपोआप फुगते तेव्हा बदलतो."

"ती फुगली की हे शिव्या देतात," सामिंतेन म्हणाली. "आणि पिवळी रेघ?"

"श्वास."

ती बराच वेळ बघत राहिली. "मग वारा कुठे दिसतो?"

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी क्षणभर विचार केला. "पिवळ्यात, बु. आत गेला, बाहेर आला. या मशीनला तेवढाच वारा माहीत आहे."

"आणि तो बरोबर चाललाय?"

"एकदम बरोबर."

सामिंतेनची मान हळूच हलली. मग तिनं बोट हिरव्या रेघेकडे नेलं. "ही शिकवा."

सिस्टरनी तिला शेजारच्या पलंगाकडे वळवलं. तिथे एक निवृत्त मास्तर झोपले होते. त्यांच्या पडद्यावर आधी एक बुटकी टेकडी, मग लगेच एक उंच सुळका, पुन्हा टेकडी, पुन्हा सुळका. "हृदयाला वरचे कप्पे आणि खालचे कप्पे. वरचे हलले की टेकडी उमटते. वीज खाली पोचली की खालचे आवळतात, तो सुळका. टेकडी, सुळका. टेकडी, सुळका. प्रत्येक वेळी मधलं अंतर सारखं. याला म्हणतात सायनस ऱ्हिदम. नीट चाललेलं घर."

"आणि आमचं?"

"तुम्हीच बघा."

सामिंतेन बघायला लागली. टेकड्या होत्या, एका चालीनं चाललेल्या, भरभर. सुळकेही होते, एका चालीनं, सावकाश. पण टेकडीचा सुळक्याशी संबंध नव्हता. कधी टेकडी सुळक्याच्या पुढे, कधी मागे, कधी त्याच्या पोटात शिरून नाहीशी. दोघं आपापल्या वाटेनं.

"हे भांडलेलं जोडपं आहे," ती पुटपुटली. "एका घरात राहतात, भात वेगवेगळा शिजवतात."

आता मात्र सिस्टरना हसू आवरेना. "पुस्तकात याला एव्ही डिसोसिएशन म्हणतात. पुस्तकापेक्षा हे बरं आहे."

"काय कुजबुज चाललीय माझ्याबद्दल?" जास्वादी ओरडला. "पेजेत मीठ नाही, ते आधी लिहा तिथे!"

आणि तेवढ्यात मशीननं पुन्हा बोंब मारली. या वेळी पडद्यावर सपाट काही नव्हतं, उलट प्रचंड डोंगर, एकावर एक, वेडेवाकडे. डॉक्टर सितोरुस पळत आले. "व्हीटी! हृदय बेफाम सुटलंय! शॉकचं मशीन आणा!"

सिस्टर पळाल्या नाहीत. त्यांनी पेशंटकडे पाहिलं. जास्वादीच्या डाव्या हातात पेजेची वाटी होती आणि उजव्या हाताची बोटं छातीवरच्या टिकलीवर पडत होती. तक् तक्, ताक्. मजेत. डोळे मिटून.

"पाक!"

बोटं थांबली. डोंगर मावळले. पुन्हा तीच रेघ, तेच भांडलेलं जोडपं.

"आर्टिफॅक्ट," सिस्टर म्हणाल्या. "खोटी रेघ. टिकलीवर ढोल वाजवत होते."

डॉक्टर भिंतीला टेकून उभे राहिले. "पाक, काय वाजवत होतात?"

"रणवाद्य. सेनापतीची एंट्री." जास्वादीची कळी खुलली. "दिसलं का मशीनमध्ये? बघ जेंग, मशीनपण नाचवलं मी!"

"सेनापती आले नाहीत, मी आलो," डॉक्टर म्हणाले. "आणि माझ्या छातीला टिकल्या असत्या तर आता तुमच्याहून मोठे डोंगर दिसले असते."

सगळा वॉर्ड हसला. मास्तरही हसले. सामिंतेन हसली नाही, ती विचारात पडली होती. सपाट रेघ खोटी असू शकते. डोंगर खोटे असू शकतात. मग भांडलेलं जोडपं तेवढं खरं कशावरून? तिनं सिस्टरना तसं विचारलंही.

"टिकल्या बघायच्या," सिस्टर म्हणाल्या. "चिकटलेल्या आहेत? पेशंट बघायचा. हलतोय? मनगट धरायचं. बोटांखाली जे लागतं ते सुळक्याशी जुळतंय? जुळलं तर खरं."

सामिंतेननं जास्वादीचं मनगट धरलं. ही तिची विद्या होती. सुळका उंचावला की क्षणभरानं बोटांखाली टप्. मग मोठी पोकळी. मग टप्. रेघ आणि बोटं एकच सांगत होती. तिनं मनगट सोडलं नाही.

"सोड गं," जास्वादी म्हणाला. "लोक बघतायत. म्हातारपणी राणी राजाचा हात धरून बसलीय."

"कांगमास."

"काय?"

तिला सांगायचं होतं. पण शब्द आला तो वेगळाच. "पेज संपवा."

दुपारी ऊन व्हरांड्यात शिरलं आणि चटया सावलीकडे सरकल्या. सामिंतेन त्याला पपईच्या फोडी भरवत होती. जास्वादीचा बेत ठरला होता.

"संध्याकाळी घरी जाऊ. तू एकदा कचकचून पाठ काढ. बाकी राहिलेला वारा गेला की रविवारी तालीम. त्या पोरांना चौथा ताल अजून धरता येत नाही, गोंगची मोठी थाळी वाजायच्या आधीच उड्या मारतात. मी त्यांना..."

बोलता बोलता त्याची बोटं चादरीवर वाजत होती. ती बोटं थांबली.

सामिंतेनला आधी दिसली ती बोटं. उभ्या आयुष्यात तिनं ती जागेपणी थांबलेली पाहिली नव्हती. मग त्याचे डोळे वर गेले, मान बाजूला पडली, पपईची फोड ओठातून निसटली. मशीन ओरडायला लागलं. तिनं वर पाहिलं. पडद्यावर टेकड्या चालल्या होत्या. एक, आणखी एक, आणखी एक. नेटानं, भरभर, जणू काही झालंच नाही. सुळका नव्हता. टेकड्या हाका मारत होत्या आणि खालून कुणी ओ देत नव्हतं.

तिचा हात आपोआप त्याच्या छातीवर गेला. टिकल्या. सगळ्या चिकटलेल्या होत्या. मनगट. रिकामं.

"खरं आहे!" ती ओरडली. "सिस्टर, हे खरं आहे!"

सिस्टर तिच्याआधीच धावत सुटल्या होत्या. त्यांनी गळ्याला बोटं लावली आणि दोन्ही तळहात एकावर एक ठेवून छाती दाबायला सुरुवात केली. डॉक्टर आले, कुणी पडदा ओढला, कुणी सुई भरली. सामिंतेन भिंतीला चिकटून उभी. तिच्या हातात पपईची बशी तशीच होती. सिस्टरनी हात काढले, सगळे थांबले. टेकडी. टेकडी. आणि मग एक सुळका. लांब पोकळी. दुसरा सुळका.

जास्वादीनं डोळे उघडले. सभोवती जमलेली गर्दी त्यानं नीट न्याहाळली.

"पडदा कुणी पाडला?" तो क्षीण आवाजात म्हणाला. "माझं वाक्य व्हायचं होतं."

डॉक्टरांनी छातीवर दोन मोठी पॅडं चिकटवली, वेळ पडली तर बाहेरून ठोके द्यायला. मग ते आज प्रथमच हळू आवाजात बोलले. "पाक, आता मी विचारत नाही, विनवतो."

जास्वादीनं सवयीनं बायकोकडे मान वळवली.

सामिंतेननं बशी खाली ठेवली. "वारा नाही, कांगमास," ती म्हणाली. "परवाही नव्हता. रंग गडद आला म्हणून मी वारा म्हटलं. कुणाचीही पाठ घासली तर लाल होते. मी चुकले."

त्यानं नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, "तुझ्यावर ढकलत होतो मी."

"काय ढकलत होता?"

"मला मशीन नको आहे. वारा असो नाहीतर वादळ." त्याचा आवाज आता नाटकातला नव्हता. "जेंग, मला आयुष्यात एकच गोष्ट येते. लय. ती आतून येते. उद्या छातीत बॅटरी बसवतील. ती सांगेल तशी टिकटिक करायची. मग ढोल मी वाजवणार की बॅटरी? घड्याळाला कुणी तालमीला बोलावतं का?"

डॉक्टर काहीतरी बोलायला गेले, पण सिस्टर विनार्सिहनी त्यांच्या बाहीला हात लावला. सामिंतेनच्या चेहऱ्यावर ती ओळखीची रेघ उमटली होती, प्रश्न पडल्याची.

"सिस्टर, हा पडदा फिरतो का? यांना दिसेल असा?"

फिरत होता. खटक्यासरशी फिरला. सामिंतेन बोटानं दाखवू लागली. "ही बुटकी टेकडी वरच्या कप्प्याची. हा उंच सुळका खालच्याचा. बघा तुम्ही."

जास्वादी बघायला लागला. आधी ओठ मुडपून, मग भुवया आक्रसून. उजवा हात चादरीवर टेकड्यांबरोबर चालू लागला. डावा हात सुळक्यांवर पडू लागला. उजवा उजव्याच्या चालीनं, डावा डाव्याच्या. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू संताप चढत गेला, वाद्यमेळात कुणी बेताल झाल्यावर चढायचा तसा.

"वरचा बरा आहे. तयारीचा आहे. पण हा खालचा?" तो म्हणाला. "हा ऐकतच नाही! ढोल एक सांगतोय आणि गोंगवाला मनाला येईल तेव्हा ठोकतोय. याला कुणी घेतलं कंपनीत?"

"ऐकत नाही असं नाही," सिस्टर म्हणाल्या. "त्याला ऐकू जातच नाही. मधली वाट तुटलीय."

"मग तुमचं मशीन काय करतं?" सामिंतेननं विचारलं. "ते स्वतःची लय वाजवतं, की यांची ऐकतं?"

प्रश्न सिस्टरना होता, पण उत्तर डॉक्टरांनी दिलं. ते पलंगाच्या कडेवर चक्क बसले. "आम्ही दोन तारांचं बसवणार. एक तार वर, एक खाली. वरची तार फक्त कान लावून बसते. तुमचा वरचा ठोका पडला की मशीन तो खाली कळवतं. तुम्ही चाललात, वरचा जलद झाला, तर खालचाही जलद. झोपलात तर सावकाश. वरचाच फार मागे पडला, तरच ते स्वतः बोलतं."

"म्हणजे मालकांचं केप्राक," सामिंतेन म्हणाली.

जास्वादी एकदम तिच्याकडे वळला. कंपनीचे मालक विंगेत एक लाकडी पेटी पुढ्यात घेऊन बसायचे, तेच केप्राक. त्यावर लाकडी हातोडीनं ठोकून ते ढोलाचा इशारा मागे पोचवायचे. पाऊस पत्र्यावर कोसळत असला की गोंगवाल्याला ढोल ऐकू यायचा नाही, तेव्हा ती पेटीच निरोप न्यायची.

"लय कुणाची असायची तेव्हा?" तिनं विचारलं. "मालकांची?"

"मालकांची? ह्या! मालकांना लय कुठली!" जास्वादी फुरफुरला. "लय माझी. ते नुसते..." आणि तो थांबला. पुन्हा पडद्याकडे बघितलं. टेकड्या चालल्या होत्या, हाका मारत.

"डॉक्टर," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "तुमचा हा केप्राकवाला मधेच स्वतःचं डोकं तर चालवणार नाही ना?"

"तसं वाटलं तर या, कान उपटतो त्याचा. बाहेरूनच, छाती न उघडता उपटता येतो."

"आणा तो सहीचा कागद."

दुसऱ्या सकाळी त्याला ऑपरेशनसाठी आत नेलं. सामिंतेन चटईवर बसून राहिली आणि सगळ्या व्हरांड्यानं तिला इतका चहा पाजला की तिला तिथून हलता येईना आणि बसवेनाही. सिस्टर बाहेर आल्या त्या काही न बोलता. त्यांनी फक्त हात पुढे केला आणि हवेत बोट चालवलं: बुटकी टेकडी, उंच सुळका. टेकडी, सुळका. सामिंतेननं ते बोटच धरलं आणि रडली.

जखम भरली, टाके निघाले, पेसमेकर तपासून झाला. जास्वादीला ढोल मांडीवर घ्यायची परवानगी मिळाली आणि त्याच आठवड्यात तो तालमीहून चिंब भिजून आला. शिंका, जड डोकं, अंगात कणकण. तो सरळ ओसरीवर येऊन पालथा पडला.

सामिंतेन तेल घेऊन आली. पण नाणं उचलण्याआधी तिनं त्याचं मनगट धरलं. आता ती हे सगळ्यांचंच करते, गिऱ्हाईक कितीही कण्हत असलं तरी. कुणी "छातीत दाबतंय" म्हणालं की तेलाची वाटी झाकून ठेवते आणि रिक्षा बोलावते. दोघांतिघांनी तोंड वाकडं केलं, एक सरपंचबाई तर दुसरीकडे जाऊन खरवडून आल्या. जास्वादीच्या मनगटात बोटांखाली टप्, टप्, टप्. एका चालीनं, भरलेले.

"वारा आहे," ती म्हणाली. या वेळी खात्रीनं.

नाणं पाठीवरून फिरायला लागलं. खाली येताना लांब, वर जाताना आखूड. चटईवर बोटं वाजायला लागली. पाठीवर पट्टे उठले, मानेवर उठले, खांद्यांवर उठले. मग जास्वादी सुखानं उताणा झाला आणि त्यानं सदरा बाजूला केला. डाव्या खांद्याखाली, कातडीआड, एक छोटासा उंचवटा होता.

"आता पुढून काढ," तो डोळे मिटून म्हणाला. "पूर्वीसारखी."

सामिंतेननं नाणं पदराला पुसलं आणि कनवटीला खोचलं.

"पुढे हात लावायचा नाही, कांगमास. मालक केप्राक घेऊन कामावर बसलेत."